‘वात आहे’ एवढंच सांगून माणसाला घरी पाठवू नका

द्राक्षाचा सीझन सुरू झाला की आमच्या नाशिकच्या पेठ रोडवरच्या मेडिकलमध्ये संध्याकाळी सहानंतर गर्दी वाढते. दिंडोरी-निफाडच्या बागांमध्ये कामाला येणाऱ्या पेठ-सुरगाण्याकडच्या बायका, मार्केट यार्डातले हमाल, भाजीच्या जाळ्या उतरवणारी पोरं, सगळे घरी जाता जाता दुकानाशी थांबतात आणि दहातले चार-पाच जण तरी दुखण्याचीच गोळी मागतात. गुडघा, कंबर, मनगट, खांदा. गेली वीस वर्षं मी या काउंटरच्या मागे उभी आहे, त्यामुळे माणूस दुकानाची पायरी कशी चढतो ते बघून त्याचं काय दुखतंय हे मला बऱ्याचदा आधीच कळतं.

गेल्या फेब्रुवारीत पेठकडची एक बाई आली, असेल पस्तिशीची. शंभराची नोट तिने दोन्ही तळहातांच्या मध्ये दाबून आणली होती, नमस्काराला हात जोडावेत तशी, कारण बोटांच्या चिमटीत नोट धरताच येत नव्हती. बोटं जिथे तळहाताला जोडलेली असतात ती गाठीची ओळ दोन्ही हातांना सुजलेली, वरची कातडी ताणून चकाकत होती. म्हणाली, ताई ती वाताची गोळी द्या, पिवळ्या पाकिटातली. मी विचारलं किती दिवस झाले, तर म्हणे तिसरं साल. सकाळी मूठ मिटायला किती वेळ लागतो विचारलं, तर म्हणाली अंगणात उन्हं येईपर्यंत मिटत नाही, भाकरी आता मुलगीच थापते. आणि मग हळूच म्हणाली की बांगड्या चढत नाहीत म्हणून उतरवून ठेवल्यात, तर नवरा जिवंत असताना रिकामे हात घेऊन फिरते म्हणून सासू बोलते.

तीन वर्षांत ती तीन ठिकाणी दाखवून आली होती. तिन्ही ठिकाणी एकच सांगितलं, वात आहे. कुठला वात ते कोणीच सांगितलं नाही.

मला जे म्हणायचंय ते हेच आहे. सांध्याचं दुखणं घेऊन सरकारी दवाखान्यात येणाऱ्या माणसाला आपल्याला नेमकं कुठलं दुखणं आहे हे कळायलाच पाहिजे, आणि ही जबाबदारी सरकारी आरोग्य व्यवस्थेने बीपी-शुगर इतकीच अंगावर घेतली पाहिजे. आत्ता ती कोणाच्याच अंगावर नाहीये. ‘वात’ हा एक शब्द आपण असा वापरतो की त्याखाली गुडघ्याची झीज पण जाते, शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो आमवात पण जातो, युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साठून होणारा गाऊट पण जातो, चिकनगुनियानंतरचं दुखणं पण जातं, आणि सगळ्यांना तीच पेनकिलर मिळते.

याचा दोष मी वात या शब्दाला देत नाही, कारण आपल्या जुन्या वैद्यांनी सुद्धा सगळं एकत्र कालवलेलं नव्हतं. झिजेचा संधिगत वात वेगळा, आमवात वेगळा, गाऊटशी जुळणारं वातरक्त वेगळं. आमवात हा स्वतंत्र आजार म्हणून माधवनिदान या जुन्या वैद्यकग्रंथात आलाय, आणि वातरक्ताचं वर्णन चरकसंहितेत आहे, की ते मूळ धरतं हातापायांपासून आणि मग अंगभर पसरतं. म्हणजे आधुनिक यंत्रं, ब्लड टेस्ट काही नसताना नुसतं बघून, विचारून, हात लावून त्यांनी वेगवेगळे आजार ओळखले होते, आणि आपण लॅब, एक्सरे, एमआरआय सगळं हाताशी असताना ते परत एकाच पिशवीत भरतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिकडे युरोपातही शेकडो वर्षं असाच गोंधळ होता. तो सुटायला लागला तो लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड नावाच्या डॉक्टरमुळे. १८४८ मध्ये त्याने गाऊटच्या पेशंटच्या रक्तात युरिक ॲसिड जास्त असतं हे दाखवलं, आणि पुढे त्याने त्यासाठी जी टेस्ट वापरली ती मला इतकी आवडते की दुकानात कामाला येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला मी ती सांगते. रक्त गोठल्यावर वर जे पाणी सुटतं ते काचेच्या बशीत घ्यायचं, त्यात थोडं ॲसेटिक ॲसिड घालायचं, आणि लिननच्या कापडाचा एक साधा धागा त्यात सोडून एक-दोन दिवस तसंच ठेवायचं. युरिक ॲसिड जास्त असेल तर धाग्यावर बारीक खडे धरतात, आपण लहानपणी दोऱ्यावर खडीसाखर धरलेली बघायचो तसे. बस, एवढंच. पुढे १८५९ मध्ये याच माणसाने र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव वापरलं, म्हणजे आपण ज्याला आमवात म्हणतो तोच, आणि हा आजार गाऊटपेक्षा वेगळा आहे हे मांडलं. एका धाग्याने दोन आजार वेगळे झाले.

मग शंभरएक वर्षांनी अमेरिकेत डॅनियल मॅकार्टी आणि जोसेफ हॉलंडर यांनी १९६१ मध्ये सुजलेल्या सांध्यातलं पाणी सुईने काढून पोलराइज्ड प्रकाशाच्या मायक्रोस्कोपखाली ठेवलं आणि गाऊटचे सुईसारखे खडे थेट ओळखून दाखवले. तेवढ्यावर मॅकार्टी थांबला नाही. खडे आहेत हे ठीक, पण दुखणं खड्यांमुळेच होतं हे कशावरून? तर त्याने आणि त्याच्या फेअर्स नावाच्या सहकाऱ्याने ते खडे स्वतःच्या गुडघ्यात टोचून घेतले, आणि काही तासांत दोघांचे गुडघे सुजून ठणकायला लागले. १९६२ मध्ये ते छापून आलं. त्याच सुमाराला त्याला काही पेशंटच्या सांध्यात वेगळेच खडे सापडले, कॅल्शियमचे, आणि गाऊटसारखा दिसणारा पण गाऊट नसलेला अजून एक आजार बाजूला निघाला. स्वतःच्या गुडघ्यात खडे टोचून घेऊन लोकांनी जे वेगळं करून ठेवलं ते आपल्याकडे दोन मिनिटांच्या ओपीडीत परत एक होतं.

आणि हे वेगळं करणं नुसतं पुस्तकी नाहीये, औषधच वेगळं आहे ना. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या लॅबमधून युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल आलं, १९६६ पासून ते गाऊटसाठी अमेरिकेत वापरात आहे, दोघांना १९८८ चं नोबेल मिळालं, आणि आज ती गोळी आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि स्वस्त आहे. आमवाताच्या पेशंटला ती देऊन काहीही उपयोग नाही, आणि गाऊटच्या पेशंटला ती न देता नुसती पेनकिलर देत राहणं म्हणजे आत खडे साठत राहणार.

आमच्या गल्लीत एक टेम्पोवाले काका आहेत. त्यांना रात्री दोन-तीन वाजता पायाच्या अंगठ्यात असा ठणका लागायचा की अंगावरच्या चादरीचा स्पर्श पण सहन व्हायचा नाही. चार दिवस गोळी खायची, ठणका गेला की विसरायचं, पुन्हा चार महिन्यांनी तेच. एकदा ऐन ठणक्यात ब्लड टेस्ट केली तर युरिक ॲसिड नॉर्मल आलं, झालं, म्हणे गाऊट नाही, वातच आहे. ॲटॅक चालू असताना युरिक ॲसिड नॉर्मल दिसू शकतं, दोन-तीन आठवड्यांनी परत बघायला लागतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. पुढे कोणीतरी डाळ बंद करा, पालक बंद करा सांगितलं, तर काकूंनी सहा वर्षं घरात दोन स्वयंपाक केले. सहा वर्षं! एक काकांचा बिनडाळीचा आणि एक बाकीच्यांचा. आणि २००४ मध्येच ह्योन चोई यांचा अभ्यास छापून आलाय, ४७ हजारांवर पुरुष, १२ वर्षं, त्यात मटण आणि मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊट जास्त झाला, पण ज्या भाज्या-डाळींना आपण नावं ठेवतो त्यांनी धोका वाढला नाही, आणि दुधाचे पदार्थ घेणाऱ्यांना उलट कमी झाला. काका वरण सोडून बसले होते आणि रविवारची बिअर आणि कलेजी चालूच होती, कारण त्याबद्दल कोणी बोललंच नव्हतं. कानाच्या पाळीवर पांढरे दाणे यायला लागले तेव्हा कुठे एका डॉक्टरांनी ते बघितले आणि गाऊट म्हणून लिहून दिलं.

उलटी बाजू पण सांगते, नाहीतर चुकीचा अर्थ निघेल. गुडघ्याची झीज झालेल्या आजी येतात, रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड थोडं वर असतं, ॲटॅक कधी आलेला नसतो, आणि त्यांना गाऊटची गोळी चालू केलेली असते. त्या गोळीने काही माणसांना अंगावर भयंकर पुरळ येऊन जिवावर बेतू शकतं, म्हणून ती गरज असेल त्यालाच द्यायची असते आणि पुरळ दिसलं की लगेच बंद करून डॉक्टरांकडे पळायचं असतं. नाव चुकलं की औषध चुकतं, दोन्ही बाजूंनी.

आता पेनकिलरबद्दल. हे मला जरा सविस्तर सांगायचंय कारण ती मी स्वतः विकते.

आपल्या नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं आहेत, आमच्या रोडने वर गेलं की हरसूलकडे पण वनविभागाने आणि गावकऱ्यांनी मिळून त्यांच्यासाठी काम केलंय. एकेकाळी देशभर ढिगाने दिसणारी गिधाडं नव्वदच्या दशकात भराभर संपली, आणि का ते २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि त्याच्या टीमने शोधून काढलं. गुरांना दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक ही पेनकिलर टोचायचे, ते जनावर मेलं की गिधाडं खायची, आणि त्यांच्या किडन्या बंद पडायच्या. मेलेल्या गिधाडांना उघडल्यावर आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर बसलेला सापडला, म्हणजे गाऊटच, पण पोटातला. आपल्या सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनवण्यावर बंदी घातली, आणि लोक माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरतात म्हणून २०१५ मध्ये त्या बाटल्या पण ३ मिलीच्या केल्या. फार चांगलं केलं. गिधाडाची किडनी आणि माणसाची किडनी सारखी नसते हे मला माहितीये, तुलना तशी करत नाहीये. पण तेच औषध आमच्या काउंटरवरून वर्षानुवर्षं रोज दोन-दोन गोळ्या असं जातं, त्यातल्या कितीतरी जणांना बीपी असतं, शुगर असते, उन्हात दिवसभर पाणी कमी प्यायलेलं असतं, आणि अशा माणसाच्या किडनीला आणि पोटाला ते झेपत नाही हे तर कुठल्याही पुस्तकात आहे. त्यांची क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची ब्लड टेस्ट, कोण बघतं? गिधाडांसाठी आपण जेवढं बारीक बघितलं तेवढं पेठच्या त्या बाईसाठी कोणी बघावं, एवढंच माझं मागणं आहे.

ही पेनकिलर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, हे मला माहितीये. आणि समोर रडवेला माणूस उभा असतो, उद्या पहाटे पाचला त्याला गाडीत बसून बागेत जायचं असतं, सरकारी दवाखाना बंद झालेला असतो, तेव्हा मी कितीदा तरी दिलीये. ते चूक होतं. पण नुसतं आम्हा मेडिकलवाल्यांना धाक दाखवून हे थांबणार नाही, कारण मी नाही दिली तर त्याला पुडी मिळते, आणि पुडी गोळीपेक्षा वाईट.

पुडी म्हणजे काय ते इथे ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. कागदाची घडी, आत करडी किंवा तपकिरी पावडर, कधी बाजारात, कधी यात्रेत, कधी कोणाच्या घरी, जडीबुटी म्हणून देतात. आणि ती लागू पडते! पहिल्याच दिवशी. दोन वर्षं जमिनीवरून उठता न येणारी बाई दुसऱ्या दिवशी पाणी भरते. माझ्या सख्ख्या आत्याने सहा वर्षं अशी पुडी घेतली. आम्ही घरातले सगळे खुश होतो, मी तेव्हा नुकतंच फार्मसी करत होते आणि माझ्या पण डोक्यात आलं नाही. चेहरा गोल व्हायला लागला तेव्हा बायका म्हणायच्या तब्येत सुधारली. मग शुगर निघाली, मग अंगावर नुसता हात लागला तरी काळेनिळे डाग, मग एक दिवस मांडीच्या वरच्या जोडात दुखायला लागलं आणि फोटोत दिसलं की खुब्याचं हाड रक्त न मिळाल्यामुळे आतून मेलंय. डॉक्टरांनी विचारलं स्टिरॉइड किती वर्षं घेताय? आत्या म्हणाली, मी तर कधी इंग्लिश औषध घेतलंच नाही.

स्टिरॉइडची गोष्ट पण आमवाताच्या संशोधनातूनच आलीये. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉक्टर फिलिप हेंच. १९२९ मध्ये त्यांच्या एका आमवाताच्या पेशंटला कावीळ झाली आणि काय झालं, सांध्यांचं दुखणं एकदम कमी झालं. हेंच यांनी ते सोडून दिलं नाही. मग बघितलं तर गरोदरपणात पण बऱ्याच बायकांचं दुखणं कमी होतं. म्हणजे शरीरात असं काहीतरी तयार होतं जे हा आजार दाबतं, त्यांनी त्याला नुसतं ‘एक्स’ म्हटलं आणि एडवर्ड केंडॉल यांच्याबरोबर जवळजवळ वीस वर्षं त्याच्या मागे लागले. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये २९ वर्षांच्या एका पेशंटला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टिरॉइड टोचलं, ती बाई धड चालू शकत नव्हती, ती आठवड्याभरात उठून बाजारात खरेदीला गेली. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. पण तोपर्यंत चेहरे गोल व्हायला लागले होते, औषध थांबवलं की दुखणं दुप्पट वेगाने परत येत होतं, आणि हे आजार मुळातून बरं करत नाही हे डॉक्टरांना कळून चुकलं होतं. आज चांगले डॉक्टर स्टिरॉइड वापरतात, पण थोडं, थोड्या दिवसांसाठी, मुख्य औषध लागू पडेपर्यंतचा आधार म्हणून, आणि ते हळूहळू उतरवत बंद करतात. म्हणजे जे तिकडे दोन वर्षांत कळलं ते आपल्या गावांमध्ये पाऊणशे वर्षांनी पण पोचलेलं नाही, ते पुडीत घालून विकलं जातंय. आणि कोणी ही पुडी घेत असेल तर हे वाचून उद्याच्या उद्या बंद करू नका, बरीच वर्षं घेतलेलं स्टिरॉइड एकदम तोडलं तर माणूस कोसळू शकतो, पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा आणि खरं सांगा.

आमवाताचं मुख्य औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. याच्या मुळाशी आपल्या आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव आहेत, अमेरिकेत लेडर्ली कंपनीत त्यांच्या टीमने फॉलिक ॲसिड या व्हिटॅमिनच्या विरोधात जाणारी औषधं बनवली, १९४० च्या दशकाच्या शेवटी ती लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरला वापरली, आणि त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट पुढे कमी डोसमध्ये आमवाताला लागू पडतं हे लक्षात आलं, अमेरिकेत १९८८ मध्ये त्याला रीतसर मान्यता मिळाली. त्याच्यानंतर सूज वाढवणारा टीएनएफ नावाचा शरीरातला पदार्थ अडवणारी महागडी इंजेक्शनं पण आली, त्यात मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रवींदर मैनी यांचं फार मोठं काम आहे. पण मी त्या इंजेक्शनांची मागणी करत नाहीये. आजही बहुतेकांची सुरुवात मेथोट्रेक्सेटनेच होते आणि ती गोळी महाग नाहीये. अडचण वेगळीच आहे, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. एकदाच! रोज घेतली तर रक्त बनणं थांबतं, तोंडात फोड येतात, माणूस जातो. त्यामुळे ती देताना मी पाकिटावर लाल पेनाने वार लिहिते, घरातल्या दुसऱ्या माणसाला पण समजावते, फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या पाकिटात देते. मग ते घरी जातात, कोणीतरी मोबाइलवर बघतो आणि म्हणतो अरे ही तर कॅन्सरची गोळी आहे, की बंद.

२०२० मध्ये लॉकडाऊनच्या सुरुवातीला अजून एक गोष्ट बघितली. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही आमवाताच्या आणि ल्युपस या प्रतिकारशक्ती अंगावर उलटणाऱ्या दुसऱ्या आजाराच्या पेशंटची रोजची गोळी. ती कोरोनावर चालते असं उठलं आणि चांगल्या घरातली माणसं पाच-पाच पाकिटं मागायला आली. गोळे कॉलनीत होलसेलकडे फोन करून करून माझा आवाज बसला, माल नाही म्हणजे नाही. माझी एक नेहमीची ल्युपसची पेशंट, कॉलेजची पोरगी, तिचे वडील सायकलवर पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत दुकानं पालथी घालत फिरले. त्या दिवशी मला कळलं की या पेशंटचं स्वतःचं कोणीच नाही, त्यांची कुठे यादीच नाही. टीबीच्या पेशंटची यादी असते, औषध संपलं तर विचारायला कोणीतरी येतं. यांचं काय?

यादी करता येते की नाही? येते. आपल्याच राज्यात करून दाखवलीये. इंदापूर तालुक्यात भिगवण आहे, पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये तिथे घरोघरी जाऊन सांध्याच्या दुखण्याचा सर्व्हे सुरू केला, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड कार्यक्रमाच्या पद्धतीने. त्यात महागडं काही नव्हतं. आधी दारात जाऊन विचारायचं की दुखतंय का, कुठे दुखतंय, मग ज्यांना दुखतंय त्यांना नीट फॉर्म, मग डॉक्टर स्वतः तपासणार. ४०९२ मोठी माणसं झाली, त्यात ७४६ जणांना, म्हणजे १८ टक्क्यांच्या वर, हाडा-सांध्याचं दुखणं निघालं. खरा आमवात साधारण अर्ध्या टक्क्याला, गुडघ्यासकट बाकी झीज त्याच्या कितीतरी पट. आणि ती माणसं मोजून सोडून दिली नाहीत, तिथेच त्यांची तपासणी, औषध, समजावणं चालू ठेवलं. चोप्रांनी नंतर २००६ च्या चिकनगुनियाच्या साथीनंतर पण खेड्यांमधल्या सांधेदुखीवर काम केलं. चिकनगुनिया तर आपल्याला नवा नाही, १९७३ मध्ये बार्शीत आला होता, २००६ मध्ये आपल्या मालेगावात आला, आणि ताप उतरून महिने झाले तरी लोक वाकून चालत होते आणि त्यांना पण वातच सांगितलेलं होतं.

अर्धा टक्का म्हणजे किती ते नुसतं ऐकून कळत नाही. दहा हजार मोठ्या माणसांच्या गावात पन्नास जण. त्यात बायका जास्त, आणि बऱ्याचशा ऐन कामाच्या वयाच्या. आमवातात पहिली एक-दोन वर्षं सगळ्यात महत्त्वाची, त्यात औषध चालू झालं तर हाडं वाकायची थांबतात, गेली ती संधी की वाकलेलं बोट परत सरळ होत नाही.

आज उपकेंद्रात तीस वर्षांवरच्या माणसांची बीपी, शुगर आणि तीन प्रकारच्या कॅन्सरसाठी तपासणी होते, चांगली गोष्ट आहे, आमच्या भागात आशाताई खरंच फिरतात. त्याच आशाताईंना अजून तीन प्रश्न द्या. सांधा दुखण्याबरोबर सुजलाय पण का? सकाळचा ताठरपणा अर्ध्या-एक तासापेक्षा जास्त टिकतो का? दीड महिन्याच्या वर झालेत का? तिन्हीला हो आलं की ते माणूस ग्रामीण रुग्णालयात पाठवायचं, आठवड्याचा एक वार सांध्यांसाठी ठरलेला, आणि तिथे ब्लड टेस्ट: अंगातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी, आमवातासाठी आर ए फॅक्टर, युरिक ॲसिड, क्रिएटिनिन. यातली एकही टेस्ट आजच्या काळात अवघड राहिलेली नाही. अवघड पेशंट सिव्हिलला. आणि औषध दर महिन्याला, न चुकता, त्याच्या गावाजवळ.

यावर लोक म्हणतात संधिवाताचे तज्ज्ञ आहेतच किती, नाशिकसारख्या शहरात पण मोजके, पेठला कोण येणार. बरोबर आहे. पण शुगरचा प्रत्येक पेशंट तरी कुठे हार्मोनच्या तज्ज्ञाकडे जातो? एमबीबीएस डॉक्टरला शिकवून ते काम चालतं. आणि शिकवायला लांब जायला नको, राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशिकला म्हसरूळला आहे, १९९८ पासून, राज्यभरातली मेडिकल, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओची कॉलेजं त्याच्याखाली येतात. माझ्या दुकानापासून तिथे रिक्षाने जाता येतं. भिगवणला तीसएक वर्षांपूर्वी जे झालं ते दिंडोरीत, निफाडात, पेठेत करायला विद्यापीठाने पुढे यावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्यात आयुर्वेदाची मुलं पण असावीत, कारण गावात पहिला हात लावणारा डॉक्टर बऱ्याचदा बीएएमएसच असतो आणि आमवात-वातरक्ताचा फरक तो शिकलेला असतो. द्राक्षाच्या मांडवाखाली दिवसभर हात वर करून काम करणाऱ्या बाईचे खांदे, कांद्याच्या लागणीला आठ तास वाकलेली कंबर, हमालाचे गुडघे, हे सगळं मोजायला याच्यापेक्षा चांगला जिल्हा कुठला मिळणार.

दुसरं म्हणतात की हे जीवघेणं थोडंच आहे, पैसा कॅन्सर-हार्टला लागू दे. मी याला मान देते, पैसा कमी आहे हे खरंय. पण सरकार सांध्यावर खर्च करतच नाही असं नाही ना. २०१७ मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याची किंमत जीएसटी सोडून ५४,७२० रुपयांवर आणली, किती तरी घरांना त्याचा फायदा झाला. म्हणजे गुडघा संपल्यावरचं आपण बघितलं. त्याच्या आधीची पंधरा वर्षं, जेव्हा एखाद्या गोळीने आणि नीट सांगण्याने सांधा वाचू शकतो, ती पंधरा वर्षं माणूस माझ्या काउंटरसमोर उभा असतो. आणि जीवघेणं म्हणाल तर ज्या बाईची मूठ मिटत नाही तिला विळा धरता येत नाही, तिची मजुरी जाते, तिची मुलगी शाळा सोडून भाकरी थापते.

त्या पेठच्या बाईला मी त्या दिवशी दोनच दिवसांची साधी गोळी दिली आणि एका ओळखीच्या डॉक्टरांची चिठ्ठी हातात दिली. येईल असं वाटलं नव्हतं. एप्रिलमध्ये आली, बरोबर तीच मुलगी, बारा-तेरा वर्षांची. चिठ्ठीवर र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस लिहिलेलं होतं आणि मेथोट्रेक्सेट. मी लाल पेन काढलं आणि सोमवार लिहायला लागले, तर मुलगी म्हणाली, सोमवार आईच्या लक्षात राहत नाही, आमचा बाजाराचा दिवस लिहा. डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते म्हणाले कुठलाही एकच वार धरा, तो बदलायचा नाही. मग बाजाराचा वार लिहिला. बाईने पाकीट हातात घेऊन माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ताई, याचं नाव काय म्हणालात, परत एकदा सांगा, सासूला सांगते. मी सांगितलं. मुलीने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.